आठव्या सेकंदाला उठून जाणारी माणसं

मी एक व्हिडिओ बोलतोय. चार मिनिटं बारा सेकंदांचा. एवढा वेळ तुमच्याकडे नसेल तर आत्ताच उठा, मी वाईट वाटून घेणार नाही. मला सवय आहे. माझ्यासमोरून बहुतेक माणसं आठव्या सेकंदालाच उठून गेली आहेत.

माझं काम माल विकण्याचं. मिशिगनच्या पार उत्तरेला, हॅनकॉक गावाबाहेर लाह्टी बहीणभावंडांची शेड आहे. तिथे सौनाच्या, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी खोलीच्या, भट्ट्या बनतात. जाड लोखंडी पत्र्याची, लाकडावर चालणारी भट्टी. डोक्यावर दगड रचायचे, दगडांवर पाणी मारायचं आणि वाफेत घाम गाळत बसायचं. या भागात एखाद्याकडे गाडी ठेवायला जागा नसेल, पण परसात सौना असतोच.

भट्ट्या बनवायचा वेन्डेल लाह्टी. वय चौपन्न, ताडमाड उंच आणि कमालीचा अबोल. वेल्डिंगचा मुखवटा चेहऱ्यावर असला की त्याला बरं वाटायचं, कारण मुखवट्यातल्या माणसाशी कुणी गप्पा मारत नाही. त्याची थोरली बहीण आयली फोन घ्यायची, पत्रव्यवहार बघायची, माल रवाना करायची आणि उरलेल्या वेळात वेन्डेलला बोलायची. आयली एकसष्ट वर्षांची, बुटकी, आवाज असा की बाहेर बर्फ काढायचं यंत्र चालू असलं तरी आतून ऐकू यावा.

वडिलांच्या काळात गिऱ्हाईक पंचक्रोशीतलंच असे. वेबसाइट निघाली आणि लांबलांबची माणसं भट्टी मागवू लागली. तेव्हा वेन्डेलच्या मनाने घेतलं की आपला एक व्हिडिओ हवा. झकास हवा. कुणी पाहिला तर म्हणावं, लाह्टी म्हणजे काहीतरी आहे.

माझा जन्म फेब्रुवारीतला. मिलवॉकीहून ग्रेसन नावाचा माणूस चार जणांना, तीन कॅमेऱ्यांना आणि एका ड्रोनला घेऊन आला. तीन दिवस माझं बाळंतपण चाललं होतं. गोठलेल्या सरोवरावरून ड्रोन फिरला. गरुड उडेपर्यंत दोन तास सगळे थंडीत कुडकुडत उभे राहिले. वेन्डेलला नवा कोरा चौकड्यांचा शर्ट घातला, त्याला इस्त्री केली. त्याने आयुष्यात कधी शर्टाला इस्त्री केली नव्हती. मग त्याच्या हातात कागद दिला. कागदावर लिहिलं होतं, ‘आम्ही भट्टी घडवत नाही, आम्ही परंपरा घडवतो.’

वेन्डेलने ते वाक्य सव्वीस वेळा म्हटलं. आयली दारात कॉफीचा मग घेऊन उभी होती. ती म्हणाली, “अरे, परंपरा कसली? भट्टीच घडवतोस ना तू?”

“बाई, जरा शांत,” ग्रेसन म्हणाला.

शेवटी वेन्डेलचा आवाजच काढून टाकला आणि दुसऱ्या कुणाचा तरी भारदस्त आवाज घातला. वेन्डेलचे नुसते ओठ हलताना दिसू नयेत म्हणून तिथे त्याची पाठ दाखवली.

आणखी एक गोष्ट झाली. एका सुंदर सौनात भट्टी ठेवून चित्रण करायचं होतं. ग्रेसनला भट्टी आणि खिडकीतून दिसणारं सरोवर एकाच चौकटीत हवं होतं. त्याने भट्टी ढकलून थेट खिडकीखाली, लाकडी भिंतीला खेटून ठेवायला लावली.

“एवढी जवळ नसते ठेवत,” वेन्डेल म्हणाला.

“पेटवायची थोडीच आहे? दिसायची आहे फक्त.”

आत लाकडांच्या मागे नारिंगी दिवा लावला. विस्तव इतका देखणा दिसला की खऱ्या विस्तवाने लाजावं. वेन्डेल गप्प बसला. गप्प बसणं त्याला चांगलं जमायचं.

मी तयार झालो तेव्हा, खरं सांगतो, माझ्यासारखा देखणा व्हिडिओ त्या भागात नव्हता. वेबसाइट उघडली की पहिला मी दिसायचो. आधी धुकं. मग बर्फ. मग सरोवर. मग व्हायोलिन. मग गरुड. अठ्ठावन्नाव्या सेकंदाला पहिल्यांदा भट्टी.

वेन्डेलने पहिल्यांदा मला पाहिलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले. आयलीने अर्धवट पाहिलं, फोन वाजला म्हणून उठली, ती परत आली नाही.

ती दर सोमवारी वेबसाइटचे आकडे उघडून बसायची. कोणता माणूस किती वेळ थांबला याची एक रेघ त्यात दिसते. माझी रेघ सुरुवातीला उंच असायची आणि आठव्या सेकंदाला कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली यायची.

“वेन्डेल, तुझा गरुड यायच्या आत माणसं पळून जातायत,” आयली म्हणायची.

“ती आपली गिऱ्हाइकं नव्हतीच,” वेन्डेल म्हणायचा.

माझंही तेच मत होतं. कदर असावी लागते.

दोन वर्षं अशी गेली. आणि मग तो जन्माला आला. माझा धाकटा.

झालं असं, की लोक फोन करून एकच प्रश्न विचारायचे. भट्टीचं दार घट्ट बसतं का? धूर खोलीत येतो का? एका आठवड्यात आयलीने एकोणीस जणांना एकच उत्तर दिलं. विसाव्याचा फोन आला तेव्हा ती वैतागली. फोन कॉफीच्या डब्याला टेकवून उभा केला, थंड भट्टीसमोर बसली आणि बोलायला लागली. शर्टावर पावाचे कण होते. मागे वेन्डेलची घासण्याची मशीन किरकिरत होती.

“दार घट्ट बसतं का, असं विचारताय ना? हे बघा. ही नोट दारात धरली. दार लावलं. आता ओढते. निघते का? नाही निघत. निघाली असती तर समजायचं, दाराच्या कडेची दोरी बदलायला झाली. दोरी आमच्याकडे मिळते. आणखी काही विचारायचं असेल तर फोन करा. सकाळी दहाच्या आत नको, मी कॉफी पीत असते.”

संपलं. एकावन्न सेकंद. व्हायोलिन नाही, गरुड नाही, धुकं नाही. चित्र हलतंय, डोकं अर्धं कापलंय. मी पाहिलं आणि मला हसू आलं. म्हटलं, हे काय ध्यान!

आयलीने ते ध्यान त्या विसाव्या माणसाला पाठवलं. त्याने त्याच दिवशी भट्टी मागवली. मग तिने ते वेबसाइटवर चढवलं. माझ्या शेजारी नाही, खाली, जिथे भट्टी मागवण्याचं बटण असतं त्याच्या अगदी वर. माणूस बटणावर बोट ठेवतो आणि त्याच्या मनात शंका येते, तिथेच. कामाच्या जागी आवाज बंद करून बघणारे असतात म्हणून तिने बोलणं अक्षरांतही लिहिलं.

पुढच्या सोमवारी तिने आकडे उघडले. त्याची रेघ सरळ होती. माणसं शेवटपर्यंत थांबत होती. कॉफीचं ऐकेपर्यंत थांबत होती!

तेव्हापासून माझं पोट दुखायला लागलं.

मला एक कळेना. माझ्यासाठी तीन दिवस थंडी सोसली माणसांनी. याच्यासाठी कुणी साधे पावाचे कण झटकले नाहीत. आणि लोक त्याच्यावर भाळतात? एक बाई तर लिहिते, ‘आयली, तुमचा व्हिडिओ मी माझ्या नवऱ्याला दाखवला.’ मला कुणी कधी नवऱ्याला दाखवलं नव्हतं.

एकावर थांबली असती तर एक वेळ चाललं असतं. पण आयलीला सूर सापडला. फोनवर नवा प्रश्न आला की त्याचा एक व्हिडिओ. दगड कोणते घ्यायचे. धुराडं कसं साफ करायचं. भट्टी भिंतीपासून किती लांब ठेवायची. या शेवटच्यात ती मोजपट्टी धरून भिंतीशी उभी राहिली आणि म्हणाली, “सोळा इंच. पंधरा नाही. सोळा. जागा नाही म्हणून मला समजावू नका, आगीला समजावा.” वर्षभरात अशी सात भावंडं झाली, एकापेक्षा एक अवतार. आणि भट्ट्या एवढ्या मागवल्या जायला लागल्या की वेन्डेलला जेवायला वेळ मिळेना.

त्याने खूश व्हायला हवं होतं. पण त्या शेडमध्ये जळणारा मी एकटा नव्हतो.

एका शनिवारी डुलुथहून एक जोडपं भट्टी न्यायला आलं. आत येताच बाई ओरडली, “अगं बाई, ह्याच त्या आयली!” मिठी काय मारली, हात काय धरले. नवऱ्याने आयलीला कॉफीचं पाकीट भेट दिलं. मग वेन्डेलकडे फोन देत म्हणाला, “आमचा तिघांचा एक फोटो काढता का? भट्टी मागे येऊ द्या.”

वेन्डेलने फोटो काढला.

“तुम्ही इथे कामाला असता का?” त्या माणसाने विचारलं.

“असतो कधी कधी,” वेन्डेल म्हणाला.

भट्टीचा प्रत्येक सांधा त्याने जोडला होता. आयलीने तेव्हाच सांगायला हवं होतं, पण ती त्या बाईला घासायचा ब्रश दाखवत होती.

ते जोडपं गेल्यावर वेन्डेल ऑफिसात आला. हात न धुताच खुर्चीत बसला आणि त्याने मला लावलं. धुकं, बर्फ, सरोवर, व्हायोलिन. चार मिनिटं बारा सेकंद तो हलला नाही. संपल्यावर पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशीही. त्या महिन्यात माझी रेघ जरा वर गेली म्हणून आयली बुचकळ्यात पडली. तिला कुठे ठाऊक, की बघणारा एकच होता.

आमची चांगलीच जोडी जमली. त्याला बहिणीचा हेवा, मला तिच्या पोरांचा. एकमेकांची जखम चाटत बसायचो.

सप्टेंबर आला. भट्ट्या खपण्याचे खरे दिवस थंडी सुरू होताना असतात. एका सकाळी आयली कॉफी घेऊन ऑफिसात आली, वेबसाइट उघडली आणि थबकली. पानावर तिचे सातही व्हिडिओ नव्हते. वर, खाली, सगळीकडे मीच.

“वेन्डेल! माझे व्हिडिओ कुठे गेले?”

वेन्डेल दारात उभा होता. “काढले मी.”

“का?”

“गबाळे दिसतात. आपला माल काही गबाळा नाही. लोकांना वाटतं, म्हातारी स्वयंपाकघरात बसून भट्ट्या विकते.”

“म्हातारी?”

“तसं नाही म्हणायचं मला.”

“तसंच म्हणायचंय तुला. लोक विचारतात, त्याचं उत्तर आहे त्यात. तुझ्या त्या गरुडाला विचारू का दगड कुठले घ्यायचे ते?”

“या भट्ट्या कोण बनवतं, आयली?” वेन्डेलचा आवाज एवढा चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. “तू की मी?”

त्याला काय खुपतंय ते आयलीच्या लक्षात आलं असावं. पण ‘म्हातारी’ शब्द मध्ये काट्यासारखा उभा होता.

“तूच बनवतोस,” ती म्हणाली. “मग आता विकही तूच. फोन तिकडे आहे.”

तिने कॉफीचा मग रिकामा केला, टोपी घातली आणि ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाही.

मी काय केलं? आनंद केला. खोटं कशाला बोलू? त्या सात भावंडांच्या मोकळ्या जागा पाहून मला जो थंडावा वाटला, तो सरोवराच्या बर्फालाही नसेल. आता माझ्याशिवाय कुणी नव्हतं. ज्याला भट्टी बघायची, त्याने माझ्यातूनच जायचं.

ते जात होते, आणि आठव्या सेकंदाला बाहेर पडत होते. फोन वाजायचा. वेन्डेल दोन शब्दांत उत्तर द्यायचा. “हो. बसतं घट्ट.” पलीकडचा वाट बघायचा, मग म्हणायचा, “बरं, विचार करून कळवतो.” ऑक्टोबरमध्ये तयार भट्ट्यांची रांग शेडच्या भिंतीशी उभी राहिली. वेन्डेल त्यांच्याकडे बघायचा नाही. मीही त्यांचा विचार केला नाही. आपण एकटे आहोत, यातच मला सगळं आलं होतं.

डिसेंबरात एका दुपारी ॲशलंडहून फोन आला. जोलीन ब्रूसो नावाची बाई. वेन्डेलने फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला होता म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“भिंत जळली आमची. काल पहिल्यांदाच जोरात पेटवली. सासूबाई आत बसल्या होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत हो त्या! धुराचा वास आला म्हणून बाहेर काढलं. फळ्यांच्या आत पार कोळसा झालाय.”

वेन्डेल उभा राहिला. “त्यांना काही झालं नाही ना?”

“नाही. थोडक्यात वाचल्या.”

“भट्टी भिंतीपासून किती लांब होती?”

“लांब कुठली? खिडकीखाली, भिंतीला लागून.”

“सोबतच्या कागदावर लिहिलंय, सोळा इंच.”

“कागद कोण वाचतं? आम्ही तुमचा व्हिडिओ पाहिला. दोनदा नाही, दहादा. थांबवून थांबवून पाहिला. त्यात आहे तशीच्या तशी ठेवली आम्ही!”

आता माझी लाज सांगतो. ‘थांबवून थांबवून पाहिला’ हे ऐकल्याबरोबर माझा ऊर भरून आला. वेन्डेलखेरीज कुणीतरी मला पुरतं पाहिलं होतं! बाकीचं वाक्य मला क्षणभर उशिरा कळलं.

वेन्डेलने मला उघडलं. दोन मिनिटं तीस सेकंदांवर आणून थांबवलं. खिडकी, सरोवर, भिंतीला खेटलेली भट्टी, आत नारिंगी दिवा. तो त्या चौकटीकडे बघत बसला. मग त्याने आयलीचा मोजपट्टीवाला व्हिडिओ शोधून काढला. तो कुणालाही दिसणार नाही असा त्याने स्वतःच्या हाताने बाजूला टाकलेला होता. “सोळा इंच,” आयली म्हणाली. “पंधरा नाही. सोळा.”

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पुढचं मी ऑफिसातल्या बोलण्यावरून जुळवलंय. वेन्डेल तसाच आयलीच्या घरी गेला. ती ओव्हनमध्ये पॅनकेक भाजत होती. तो दारातच टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“आत ये, नाहीतर दार लाव. थंडी आत येतेय,” ती म्हणाली.

त्याने सगळं सांगितलं. जोलीनच्या सासूबद्दल सांगितलं, भिंतीबद्दल सांगितलं. आणि मग म्हणाला, “तुझा व्हिडिओ असता तर हे झालं नसतं. गबाळा होता म्हणून नाही काढला मी. लोक तुलाच ओळखायला लागले होते. मी जळलो तुझ्यावर.”

आयलीने पॅनकेक बाहेर काढला, त्याच्यापुढे ठेवला. “वेड्या, मला कशाला ओळखतात ते? तुझी भट्टी चांगली निघाली म्हणून ओळखतात. वाईट निघाली असती तर शिव्या मलाच खायच्या होत्या, फोन माझ्याकडे असतो.” मग म्हणाली, “त्या डुलुथच्या माणसाला मी सांगायला हवं होतं. माझ्या लक्षात आलं होतं रे. पण मिरवायला बरं वाटत होतं.”

दुसऱ्या दिवशी दोघं गाडीत फळ्या, पत्रा आणि हत्यारं टाकून ॲशलंडला निघाले. अडीच तासांचा रस्ता, बर्फ पडत होतं. तिथे जे झालं ते आयलीच्या फोनमध्ये आहे. ते सगळं चित्रण नंतर याच संगणकात, माझ्या शेजारच्या कप्प्यात उतरवलं, म्हणून मी ते पाहिलं.

जळकी भिंत वेन्डेलने स्वतः उचकटली. नवी बांधून दिली. काम संपल्यावर तो आयलीला म्हणाला, “फोन चालूच ठेव. यावर बोलायला हवं. तू बोल.”

“मी का? भट्टी कोण बनवतं?”

“मला नाही जमत गं.”

“सव्वीस वेळा परंपरा म्हणालास, तेव्हा जमलं ना! आता एकदा खरं बोल.”

आणि वेन्डेल बोलला. मळका शर्ट, केसांत भुसा, हातात कोळसा झालेली फळी. “मी वेन्डेल लाह्टी. या भट्ट्या मी बनवतो. ही फळी बघा. ही माझ्यामुळे जळली. आमच्या एका व्हिडिओत भट्टी भिंतीला लागून ठेवलेली दिसते. त्यात विस्तव खरा नाही, दिवा आहे. तशी ठेवू नका. किती लांब ठेवायची ते आता दाखवतो.” आणि त्याने मोजून दाखवलं. तो मध्येच अडखळला, नाक पुसलं, पुन्हा बोलला.

मागून जोलीन म्हणाली, “आमच्या सासूबाईंनाही काहीतरी सांगायचंय.”

म्हातारी खुर्चीतूनच ओरडली, “मी घाबरले नव्हते. वाफ छान होती. हिनेच ओढून बाहेर काढलं.”

आयली हसली तशी चित्र हललं, आणि तिथेच तो संपला. एक मिनिट चाळीस सेकंद.

तो त्यांनी वेबसाइटवर सगळ्यात वर ठेवला. मला काढलं. आयलीची सातही पोरं आपापल्या जागी परतली. शिवाय त्या वर्षी ज्यांनी ज्यांनी भट्टी नेली होती त्या सगळ्यांना हा व्हिडिओ पाठवला. पंधरा दिवसांत चार जणांची उत्तरं आली. त्यांचीही भट्टी भिंतीला लागून होती. लगेच सरकवली, म्हणाले. चार घरं. ती मी जाळली असती.

आपलं चुकलेलं असं उघडं केलं म्हणून गिऱ्हाईक पळेल, अशी वेन्डेलला भीती होती. उलट लोकांनी फोन करून वेन्डेलला विचारायला सुरुवात केली. “तो फळीवाला माणूस आहे का?” आयली फोन त्याच्याकडे द्यायची आणि कॉफी प्यायची. शेडच्या भिंतीशी उभी असलेली भट्ट्यांची रांग फेब्रुवारीअखेर संपली.

तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर माझं जळणं थांबलं असेल. नाही थांबलं. उलट वाढलं. आयलीच्या पोरांचा हेवा मी कसाबसा पचवला असता. ती परकी होती. पण या शेवटच्याला वेन्डेल मिळाला. मला त्याचा नुसता शर्ट मिळाला होता, आणि पाठ. तीन कॅमेरे लावून तीन दिवस त्याच्यासमोर बसलो, पण तो माणूस माझ्यात आला नाही, आणि या दीड मिनिटाच्या पोराला नाक पुसता पुसता मिळाला. वेन्डेल पुन्हा कधी मला एकट्याने बघत बसला नाही. त्याला गरज राहिली नाही. त्याचा हेवा विझला. मी मागे राहिलो.

वर्षभर मी अंधारात पडून होतो. मग गावच्या वाचनालयाने छोट्या धंदेवाल्यांसाठी शनिवारची शिकवणी काढली. माल विकायला व्हिडिओ कसा करावा, यावर आयलीने बोलावं म्हणून तिला विचारलं. ती म्हणाली, “वेन्डेलला न्या. त्याने चुका जास्त केल्यात.”

मेपलचा पाक विकणारी एक बाई होती. बर्फावर कुत्र्यांनी ओढायच्या गाड्यांचे पट्टे शिवणारा एक होता. जॅमवाले, मेणबत्तीवाले, असे चौदाजण. वेन्डेलने भिंतीएवढा पडदा लावला आणि सगळ्यात आधी मला सुरू केलं.

मी तुम्हाला काय सांगू! भिंतीएवढा मी! खुर्च्या सोडून कुणी उठलं नाही. आठवा सेकंद गेला. विसावा गेला. गरुड आला आणि कुणीतरी ‘वा’ म्हणालं. चार मिनिटं बारा सेकंद अठ्ठावीस डोळे माझ्यावर खिळले होते. मला वाटलं, आला माझा दिवस.

दिवे लागले. वेन्डेलने विचारलं, “आता सांगा. या भट्टीत केवढं लाकूड मावतं? धूर येतो का? बसवायची कशी? बिघडली तर कुणाला फोन करायचा?”

पट्टेवाल्याने जॅमवाल्याकडे बघितलं.

मेपलवाली बाई संकोचून म्हणाली, “दिसायला फार छान होतं हो.”

“हो,” वेन्डेल म्हणाला. “म्हणून तर मी इतकी वर्षं याला काढू शकलो नाही. हा मी गिऱ्हाइकासाठी केलाच नव्हता. मी कसा दिसावा असं मला वाटत होतं, ते यात आहे.”

मग त्याने दुसरे लावले. नोट ओढणारी आयली. मोजपट्टी. जळकी फळी. लोक हसले, खुर्चीत पुढे सरकले, कागदावर लिहून घ्यायला लागले. माझ्या वेळी कुणाच्या हातात पेन नव्हतं. मी संगणकात बंद पडून ते सगळं पाहिलं आणि तीळ तीळ जळलो.

आता दर हिवाळ्यात तीन शनिवार माझी वर्णी लागते. काय करू नये, हे दाखवायला. मला शेवटपर्यंत बघणारी माणसं मिळाली ती अशी. बाकी वर्षभर मी संगणकाच्या एका कोपऱ्यात असतो. वेबसाइटवर माझं नावही नाही.

गेल्या शनिवारी सगळे गेल्यावर पट्टे शिवणारा माणूस रेंगाळला. म्हणाला, “माझाही असाच एक आहे, वेन्डेल. बर्फ, लांडगा, ढोल, सगळं. बायकोने वाढदिवसाला करून दिला. काढून टाकू?”

वेन्डेल वायर गुंडाळत होता. म्हणाला, “लगेच नको. आधी कुणा गिऱ्हाइकाला शेजारी बसवून दाखवा. तो जिथे कंटाळेल तिथे थांबवा, आणि विचारा, तुम्हाला काय बघायचं होतं? तो जे सांगेल ते त्यात घाला. कदाचित वाचेल तो.”

ते ऐकलं आणि मला त्या न पाहिलेल्या लांडग्याचा असा हेवा वाटला म्हणून सांगू! त्याला अजून वेळ आहे. मला बनवलं, सजवलं, मिरवलं, शेवटी भिंतीवर टांगून हसलेही माझ्यावर. पण आठव्या सेकंदाला उठलेल्या एकाही माणसामागे धावत जाऊन कुणी विचारलं नाही, की बाबा, तुला काय हवं होतं? गरुडाच्या आधी भट्टी दाखवून तिचं दार एकदा उघडलं असतं, तर कदाचित तो बसला असता.

तेव्हा माझं एवढंच मागणं. तुमच्या घरी, दुकानात माझ्यासारखा एखादा देखणा, लांबलचक, पाठमोरा पडला असेल, तर त्याच्यावर रागवू नका. कुणाला तरी शेजारी बसवा आणि विचारा. त्याचं भलं होईल.

आणि ते झालेलं मला कळवू नका. मला सहन होणार नाही.